डॉक्टरांच्या गावची न पोचलेली मतं

डॉक्टर बोलण्याच्या ओघात "आमच्या गावात" म्हणाले की नव्या माणसाला वाटायचं, असेल कुठेतरी कराड-सांगलीकडे. मराठी मंडळाच्या गणपतीत एकदा इंग्लंडमध्ये नुकत्याच आलेल्या एका गृहस्थांनी त्यांना मोठ्या आपुलकीने विचारलं, "मग डॉक्टर, गावी शेवटचं कधी जाऊन आलात?"

"अजून जाणं झालं नाही," डॉक्टर म्हणाले.

गृहस्थ गोंधळले. त्यांच्या मिसेस, म्हणजे आमच्या काकू, शेजारीच ताटं लावत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "त्यांचं गाव अमेरिकेत आहे. तेसुद्धा आत्ताचं नाही, दोनशे वर्षांपूर्वीचं. तुम्ही बसून घ्या."

मी त्यांच्या घरी राहायला गेले तेव्हा मलाही यातलं काही माहीत नव्हतं. दोन हजार तीन साल होतं. एका कंटेनरच्या कंपनीचं सॉफ्टवेअर तपासायच्या कामावर मला नागपूरहून साउथहॅम्प्टनला पाठवलं होतं. मंडळातल्या कुणीतरी सांगितलं की एक निवृत्त डॉक्टर आणि त्यांच्या मिसेस आहेत, मुलगी लंडनला गेल्यापासून तिची खोली रिकामी असते, विचारून बघ. मी रविवारी सकाळी गेले. काकूंनी चहा दिला आणि डॉक्टरांनी माझी मुलाखत घेतली.

"काम काय करतेस?"

"टेस्टिंग. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधते."

"सापडल्या की?"

"लिहून ठेवते. काय केल्यावर काय झालं, ते क्रमाने."

"चूक करणाऱ्यावर चिडतेस?"

मी जरा विचार केला. "नाही. चिडलं की नीट लिहिता येत नाही."

डॉक्टरांनी किचनकडे तोंड करून हाक मारली, "अगं, ही राहील." मुलाखत संपली. जाताना मी त्यांना "येते काका" म्हटलं तर त्यांनी मला दारातच थांबवलं. "तुझ्या वडिलांना भाऊ आहेत?"

"दोन आहेत."

"मग काका आहेत तुला. मला डॉक्टर म्हण." काकू मात्र पहिल्या दिवसापासून काकूच होत्या, त्याला त्यांची हरकत नव्हती.

तीस वर्षं ते हॉस्पिटलमध्ये पॅथॉलॉजिस्ट होते. पेशंट त्यांना कधी भेटत नसत. भेटायचे ते त्यांचे तुकडे, काचेच्या पट्टीवर. त्या कामाची एक सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की ती सगळ्यांनाच सोसावी लागे. कुणी काहीही सांगायला लागलं की ते म्हणायचे, "आधी वर्णन, मग निदान." भाजी करपली एवढं सांगून त्यांच्याकडे भागत नसे. कुठे करपली, किती, कडेला की मध्ये, हे सांगावं लागे. एकदा मी ऑफिसमधून चिडून आले आणि कोट काढता काढताच म्हणाले, "माझा मॅनेजर दुष्ट आहे."

"हे निदान झालं," डॉक्टर म्हणाले. "वर्णन कर."

मला वर्णन करावं लागलं. मी मीटिंगमध्ये बोलले की तो उत्तरच देत नाही, माझ्याकडे बघतही नाही, शेजारच्या मुलाने तेच सांगितलं की लगेच मान हलवतो. मी कुठे बसते, तो मुलगा कुठे बसतो, खिडकी कुठे आहे, मॅनेजर फोन कुठल्या हाताने धरतो, असं विचारत विचारत डॉक्टरांनी माझा सगळा राग घालवला आणि शेवटी म्हणाले, "त्याला डाव्या कानाने कमी ऐकू येतं. उद्या उजवीकडे बस." मी बसले. त्यांचं खरं निघालं. पुढे तो मॅनेजर आणि मी चांगले मित्र झालो.

त्यांच्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर मधोमध एक चिकटपट्टी लावलेली होती. पट्टीच्या अलीकडे काकूंचं राज्य, लोणच्याच्या बरण्या आणि फळांचा बाऊल. पलीकडे डॉक्टरांचं गाव. म्हणजे फोटोकॉप्यांचे गठ्ठे, भिंगं, हाताने काढलेले नकाशे आणि बुटांच्या खोक्यांत भरलेली कार्डं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडचं एक लहान राज्य, आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची, त्या राज्याच्या गव्हर्नरची एक निवडणूक. एकच. तिच्या आधीच्या आणि नंतरच्या निवडणुकांमध्ये त्यांना काडीचाही रस नव्हता.

हे सगळं सुरू कसं झालं, हे काकू एका तऱ्हेने सांगत आणि डॉक्टर दुसऱ्या. काकूंच्या मते दोष लॉफ्टच्या शिडीचा. डॉक्टर त्या शिडीवरून पडले, पाय मोडला, काही आठवडे ते वॉर्डमध्ये पडून होते. "पुस्तकांची ट्रॉली यायची तिथे. यांच्यापर्यंत येईतो दोनच पुस्तकं उरली होती. एक विणकामाचं होतं. तेच घेतलं असतं तर आज घरात चार स्वेटर तरी असते."

डॉक्टर सांगत ते असं. दुसरं पुस्तक त्या अमेरिकन राज्याच्या इतिहासाचं होतं आणि त्याची शेवटची पानं कुणीतरी फाडलेली होती. हकिकत या निवडणुकीपर्यंत आली आणि पुस्तकच संपलं. "कोण निवडून आलं हे कळायला नको?" ते मला विचारायचे, जणू मीच ती पानं फाडली होती. प्लास्टर निघाल्यावर त्यांनी लायब्ररीकडून दुसऱ्या शहरातली अख्खी प्रत मागवली. कोण निवडून आलं ते कळलं. पण त्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात एक ओळ होती. एका गावाचं निकालपत्रक मुदतीत न आल्यामुळे त्या गावची मतं धरली नाहीत.

"एवढंच?" मी विचारलं होतं.

"एवढंच. का नाही आलं?" त्यांच्या आवाजात इतक्या वर्षांनंतरही पहिल्या दिवसाचं कुतूहल होतं. "का नाही आलं गं?"

त्या काळी तिथे मतदान कसं व्हायचं ते मला त्यांनीच शिकवलं. गावातले पुरुष प्रार्थनेच्या इमारतीत जमायचे. छापील मतपत्रिका नसायच्या. ज्याने त्याने कागदाच्या चिटोऱ्यावर आपल्या माणसाचं नाव लिहून पेटीत टाकायचं. गावचा क्लार्क ते मोजायचा, निकालपत्रक लिहायचा, लाखेने बंद करायचा आणि ठरलेल्या दिवसाच्या आत राजधानीला पोचेल असं पाठवायचा. लोक नावं वाटेल तशी लिहीत. एका उमेदवाराचं आडनाव डॉक्टरांच्या कार्डांवर इतक्या तऱ्हांनी लिहिलेलं सापडायचं की काही ठिकाणी ते वेगवेगळ्या माणसांचं धरून मतं वाटली गेली होती. पाहुणे आले की डॉक्टर ती यादी मोठ्याने वाचून दाखवत. पाहुणे सोफ्याच्या कडेला सरकत जात.

गावोगावच्या क्लार्कांची अक्षरं ते स्लाइडसारखी बघत. "याच्या हाताला कंप आहे. वय झालंय." "याला मोतीबिंदू असणार, ओळी वर चढतात." "याला मुलगी मदत करतेय, मधली चार नावं बाईच्या हाताची आहेत." त्यांच्या गावच्या क्लार्कचं अक्षर सगळ्यांत सुरेख होतं. राजधानीला न पोचलेल्या त्या पत्रकाचे आकडे गावच्या वहीत त्याने स्वतः उतरून ठेवलेले होते, त्या पानाची एक पुसट फोटो-प्रत डॉक्टरांकडे होती. गावाने बहुतेक सगळी मतं नव्या उमेदवाराला दिली होती. ती धरली असती तर निकाल फिरला असता. धरली गेली नाहीत म्हणून जुनाच गव्हर्नर राहिला. आणि हा जुना गव्हर्नर म्हणजे, आधीच्या लढाईत तो क्लार्क ज्याच्या हाताखाली लढला होता तो कॅप्टन.

सरळ अर्थ कुणीही लावेल. क्लार्कने कॅप्टनसाठी मतं दाबली. डॉक्टरांना तो अर्थ मान्य नव्हता. त्यांनी पंधरा वर्षं घालून दुसरी बाजू उभी केली होती. त्या वसंतात बर्फ वितळून नदीला पूर आला होता, रस्ता बंद होता, टपाल घेऊन जाणारा स्वार अडकला. आसपासच्या शेतकऱ्यांच्या डायऱ्यांतून त्यांनी पावसापाण्याच्या नोंदी गोळा केल्या होत्या. शिवाय गावाने त्याच क्लार्कला पुढे कितीतरी वर्षं क्लार्क म्हणून निवडलं. "मतं गिळणाऱ्याला निवडतील?" ते विचारायचे. साडेचारशे पानांचं हस्तलिखित तयार होतं. क्लार्क निर्दोष होता, हे त्याचं सार.

या प्रकरणात जगात आणखी एका माणसाला रस होता. त्या गावातल्या एक निवृत्त शाळामास्तरीणबाई. आठवड्यातून दोन दुपारी उघडणारं गावचं लहानसं म्युझियम त्या सांभाळत. डॉक्टरांचा आणि त्यांचा अकरा वर्षं पत्रव्यवहार होता आणि अकरा वर्षं वाद होता. बाईंच्या मते क्लार्क दोषी होता. मी राहायला गेल्यावर पत्रांची ईमेल झाली, कारण डॉक्टर कॉम्प्युटरला हात लावत नसत. संध्याकाळी मी ऑफिसमधून आले की माझ्या लॅपटॉपवर बाईंची मेल उघडून वाचून दाखवायचे आणि ते सांगतील ते उत्तर टाइप करायचे. बाई प्रत्येक मेलची सुरुवात तिथल्या हवेने आणि स्वतःच्या गुडघ्यांनी करत. डॉक्टर अजूनही "डिअर मॅडम" लिहीत.

"अमेरिकेच्या बाई काय म्हणतात?" काकू पोळ्या लाटता लाटता विचारायच्या.

"म्हणतात, तुमचा पूर फार तर दोन दिवसांचा होता."

"मग खरं असेल. बाई तिथे राहतात, तुम्ही इथे."

"त्या दोनशे वर्षांनंतर राहतात," डॉक्टर म्हणायचे. काकू पुढची पोळी लाटायला घेत.

मंडळात डॉक्टरांना या विषयावर भाषण द्यायचं होतं. समिती दर वर्षी त्यांना हळुवारपणे टाळायची. योगावर व्याख्यान झालं, पेन्शनवर झालं, गुलाबांच्या छाटणीवर झालं. शेवटी दोन हजार पाचच्या मार्चमध्ये लंडनचे एक गायक आयत्या वेळी रद्द झाले आणि जेवणाआधीची चाळीस मिनिटं रिकामी पडली. अध्यक्षांचा फोन आला तेव्हा डॉक्टर इतके शांतपणे "हो" म्हणाले की काकूंनी त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला.

भाषण रविवारी होतं. बाईंची मेल बुधवारी आली.

मी सहा-साडेसहाला घरी पोचले होते. डॉक्टर बागेत होते, म्हणून मी मेल आधी एकटीने वाचली. तिची सुरुवात हवेने नव्हती. गावातलं एक जुनं घर विकलं गेलं, त्याच्या माळ्यावरच्या पेटीत काही पत्रं निघाली. त्यातलं एक क्लार्कच्या मुलीने लग्न होऊन गेलेल्या बहिणीला लिहिलेलं. बाईंनी ते शब्द न् शब्द उतरून पाठवलं होतं. लांबलचक घरगुती पत्र. कोण आजारी, कोणाची गाय व्याली. मधेच चार ओळी. बाबांनी मतांचा तो कागद पिठाच्या पेटीच्या कप्प्यात ठेवला आहे. आईने विचारलं तर म्हणाले, रस्ते खराब आहेत. पण आपला भाऊ त्याच रस्त्याने मेपलची साखर विकायला याच आठवड्यात दोनदा जाऊन आला.

खाली बाईंनी लिहिलं होतं की आपलं खरं ठरलं याचा मला वाटला होता तसा आनंद झालेला नाही.

मी लॅपटॉप बंद केला. डॉक्टर चपला झटकत आत आले. "मेल?"

"नाही," मी म्हणाले.

हे मी का म्हणाले, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. तोंडातून निघून गेलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये मी ती मेल छापून घेतली, कारण दाखवायची तर कागदावरच दाखवायला हवी. घरी आल्यावर तो कागद मी माझ्या खोलीत, खणात, स्वेटरांच्या खाली ठेवला. गुरुवारी डॉक्टरांनी काकूंकडून ब्लेझर काढून घेतला. शुक्रवारी त्यांनी मला बाईंना मेल लिहायला बसवलं. "रविवारी प्रथमच मी हे सगळं माणसांसमोर मांडणार आहे, तुम्ही तिथे असता तर बरं झालं असतं." मी टाइप केलं. पाठवलं नाही. आता न पोचवलेल्या दोन गोष्टी माझ्याकडे झाल्या.

"तुला बरं नाही का?" काकूंनी त्या रात्री जेवताना विचारलं. "दोन दिवस बघतेय, नुसती भात चिवडतेस."

"ऑफिसचं टेन्शन आहे," मी म्हणाले.

शनिवारी दुपारी डॉक्टरांनी आम्हा दोघींना सोफ्यावर बसवून रंगीत तालीम केली. ब्लेझर घालून, इस्त्रीच्या टेबलाचं स्टँड करून. निम्म्यापर्यंत ते नेहमीसारखं बोलले. मग क्लार्कपाशी आले, आणि त्यांचा आवाज बदलला. "या माणसाची बाजू दोनशे वर्षांत कुणी घेतली नाही," ते म्हणाले. "त्याने पत्रक लिहिलं, बंद केलं, आणि आपलं काम केलं. वाट बंद होती, हा त्याचा दोष नव्हता." त्यांना पुढचा कागद लगेच सापडेना. चष्म्याखाली बोट घालून त्यांनी डोळा पुसला.

मी उठले, वर गेले, खणातून कागद आणला आणि त्यांच्या हातात दिला.

त्यांनी पहिल्यांदा काय वाचलं, ते मी पाहिलं. वरच्या कोपऱ्यातली तारीख.

"बुधवारी आली ही," ते म्हणाले. "आज शनिवार आहे."

त्यांनी उभ्या उभ्या सगळं वाचलं, मग खाली बसून पुन्हा वाचलं. काकूंनी एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि किचनमध्ये जाऊन गॅस बंद केला. डॉक्टर कागद घेऊन बागेत गेले. शेडपाशी आमच्याकडे पाठ करून बराच वेळ उभे होते. बारीक पाऊस होता, ब्लेझर भिजत होता.

"काय आहे त्यात?" काकूंनी विचारलं. मी सांगितलं. त्या खुर्चीवर बसल्या. "पंधरा वर्षं," एवढंच म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "तू दिलास ते बरं केलंस. आधी दिला असतास तर जास्त बरं केलं असतंस."

मी मनात सामानाची बांधाबांध सुरू केली. दोन बॅगा, एक राइस कुकर. ब्रॅकनेलला एक मैत्रीण होती, तिच्याकडे काही दिवस राहता आलं असतं.

डॉक्टर आत आले ते वही आणि पेन घेऊन. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. चेहऱ्यावर राग नव्हता. स्लाइडखाली काहीतरी वेगळंच दिसल्यावर ते कसे दिसत असतील, तसे दिसत होते.

"बुधवारी किती वाजता वाचलीस?"

"साडेसहाला."

"वाचल्यावर पहिल्यांदा काय वाटलं?"

"की तुम्ही बागेत आहात आणि आत येणार आहात."

त्यांनी लिहून घेतलं. "मी मेल विचारली. तू नाही म्हणालीस. आधी ठरवलं होतंस?"

"नाही."

"मला कधीच द्यायची नाही, असं ठरवलं होतंस?"

"छे. द्यायचीच होती." मला रडू येत होतं पण त्यांच्या प्रश्नांची घाई बघून ते थांबलं. "गुरुवारी वाटलं शुक्रवारी देऊ. शुक्रवारी तुम्ही मेल लिहायला बसवलंत, मग वाटलं उद्या. मग वाटलं, रविवार होऊन जाऊ दे."

"म्हणजे लपवायची असं एकदाही ठरवलं नाहीस. फक्त दर वेळी उद्यावर टाकलंस."

"हो."

"आणि कागद खणात होता."

"स्वेटरांखाली."

"मुद्दाम खाली?"

मी आठवून पाहिलं. "हो. वर ठेवला असता तर दिसला असता. मला."

पेन थांबलं. त्यांनी ते वाक्य दोनदा वाचलं. "कुणी विचारलं तुला?"

"काकूंनी विचारलं, बरं नाही का म्हणून."

"काय सांगितलंस?"

"ऑफिसचं टेन्शन आहे."

डॉक्टर हसायला लागले. इतके हसले की काकू दारात आल्या. "आणि तो म्हणाला, रस्ते खराब आहेत," ते म्हणाले. मग हसणं आटोपून त्यांनी वही मिटली. "पुन्हा माझ्यापासून कागद ठेवून घेऊ नकोस. पण आता ठेवलाच होतास, तर हे मला कळलं ते बरं झालं. पंधरा वर्षं मी एकच विचारतोय, त्याने केलं की नाही केलं. कॅप्टनला कळवायचं होतं की तुझ्याच शिपायाच्या गावाने तुला पाडलं. कुणालाही वाटेल, उद्या पाठवू. आणि एके दिवशी मुदत टळली. मग कप्पा उघडायचाच नाही."

"मग तो दोषी की निर्दोष?" काकूंनी विचारलं.

"दोषी," डॉक्टर म्हणाले. "मतं पोचली नाहीत, माणसांनी दिलेली मतं होती ती. यात शंका नाही. पण आता मला तो दिसतोय."

दुसऱ्या दिवशी चर्चच्या हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती. मागच्या किचनमधून मसालेभाताचा वास येत होता आणि अध्यक्ष पहिल्या रांगेत घड्याळाकडे बघत होते. डॉक्टर उभे राहिले. ब्लेझर अजून दमट होता. "मी आज जे सांगणार होतो ते चुकीचं होतं, हे मला काल दुपारी कळलं," ते म्हणाले. "त्यामुळे माझ्या साडेचारशे पानांपैकी तीनशे पानं बाद झाली आहेत. घाबरू नका, उरलेली सगळी वाचणार नाही."

मग त्यांनी ती हकिकत सांगितली. निवडणूक, चिटोरे, क्लार्क, पूर, आपली खटपट, आणि मुलीच्या पत्रातल्या चार ओळी. मी बघितलं, जाहीरपणे आपली चूक सांगताना हा माणूस जितका मोकळा बोलत होता तितका तालमीत बोलला नव्हता. शेवटी ते म्हणाले की कागद असा का ठेवला जातो, हे मला एका साक्षीदाराने समजावलं, नाव सांगणार नाही. मी पंख्याकडे बघत बसले.

पहिला प्रश्न इथेच वाढलेल्या एका तरुण डेंटिस्टने विचारला. "अंकल, पण त्या क्लार्कला त्याची काही फायदा झाली का?"

"मुळीच नाही. तेच तर."

वाटलं, आता जेवण. तेवढ्यात मागून हॉस्पिटलमधल्या एक वयस्कर नर्सबाई उठल्या. त्यांनी प्रश्न विचारला नाही. त्या म्हणाल्या, "माझी आई गेली तेव्हा फोन माझ्याकडे आला होता. भाऊ ग्लासगोला होता, त्याची फेलोशिपची परीक्षा होती. मी त्याला चार दिवस सांगितलं नाही. तो अजून माझ्याशी त्यावरून बोलतो." त्यांनी जरा थांबून दुरुस्ती केली. "म्हणजे, बोलत नाही."

डॉक्टरांनी खिशातून वही काढली. "ठरवून नाही सांगितलं?"

"नाही हो. रोज फोन उचलायचे आणि ठेवून द्यायचे."

एक गृहस्थ बसल्या जागेवरूनच बोलले. त्यांना इथे पहिल्या वर्षी नोकरी मिळाली नव्हती, आणि पुण्याला वडिलांना ते दर पंधरा दिवसांनी, नोकरी लागल्यासारखा एका हॉस्पिटलचा पत्ता घालून पत्र लिहीत. "खरं सांगणारं पत्रही लिहिलेलं होतं. ते कोटाच्या खिशात होतं. कोट झिजला." दुसऱ्या एकीने नवऱ्याचा रिपोर्ट पर्समध्ये ठेवला होता. कुणी घाईने, कुणी हसत, कुणी शेजाऱ्याकडे न बघता सांगत होतं. पोस्ट, फोन आणि विमान यांच्यावर इतकी वर्षं काढलेली ती माणसं होती. प्रत्येकाकडे एखादा न पोचवलेला कागद होता. डॉक्टर एकेकाला विचारत होते, कुठे ठेवला होता, किती दिवस, आणि लिहून घेत होते. मसालेभात गार झाला. अध्यक्षांनी घड्याळ बघायचं सोडलं होतं. शेवटी तेही उठले, पण नुसते पाणी पिऊन बसले.

पुढे कामासाठी मी ब्रॅकनेलला गेले. डॉक्टरांनी हस्तलिखित नव्याने लिहायला घेतलं होतं, आणि आम्ही सगळेच त्यांच्या मागे लागलो होतो की एकदा ते गाव प्रत्यक्ष बघून या. आजवर ते टाळत आले होते. खरं गाव पाहिलं तर आपलं गाव बिघडेल, असं त्यांना वाटे. पण बाईंनी आग्रहाने बोलावलं, काकूंनी तिकिटं काढली, आणि दोन हजार सहाच्या सप्टेंबरात ते दोघं गेले.

संध्याकाळी ऑफिसमधून निघून मी बसस्टॉपवर उभी होते, तेव्हा मोबाइल वाजला. डॉक्टर होते. बाईंच्या किचनमधून बोलत होते.

"क्लार्कच्या घराचा पाया अजून आहे. दगड दिसतात. जिथून टपाल जायचं ती खाणावळ आता नाही, तिथे टायरचं दुकान आहे. घरापासून तिथपर्यंत चालून आलो."

"किती लांब आहे?"

"अकरा मिनिटं. माझ्या या पायाने." तिकडे कुणीतरी कपबशा मांडत होतं. "मला आपलं नेहमी वाटायचं, चढ असेल. नकाशात कळत नाही. चढ नाहीये गं. सगळा उतार आहे."

माझी बस आली आणि गेली. मग फोनवर काकूंचा आवाज आला.

"दोनदा चालून आलेत. आता तिसऱ्यांदा निघालेत. बाईंनी गावच्या वहीतल्या मतांच्या त्या पानाची चांगली कॉपी काढून दिलीय, ती हातात घेऊन. टायरवाल्याला काय सांगणार आहेत, देव जाणे." दार उघडल्याचा आवाज आला. "अहो, थांबा," काकूंनी हाक मारली, आणि मला म्हणाल्या, "ठेवते हं. मी पण जाते त्यांच्याबरोबर."